रोज तीन केसेस: वाचायच्या कशा आणि वर्गात बोलायचं काय?

नवखा_एमबीए

पहिलं सत्र सुरू आहे, रोज दोन-तीन केसेस (कंपनीपुढच्या एखाद्या निर्णयाची लेखी हकिगत, वर्गात चर्चेसाठी) असतात. प्रत्येकी १२ ते २० पानं मजकूर आणि वर सात-आठ एक्झिबिट (शेवटी जोडलेले तक्ते-आकडे). पहिल्या ओळीपासून मार्कर घेऊन बसलं तर एकेका केसला तीन तास जातात, आणि एवढं करून वर्गात "मग तुम्ही काय कराल?" असं विचारलं की सांगण्यासारखं हाती काहीच नसतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एका केसला दीडच तास मिळणार असेल तर तो कसा वापरावा? सीपीचे (वर्गातल्या चर्चेतल्या सहभागाचे) गुण नक्की कशावर मिळतात? आणि स्टडी ग्रुपमध्ये केसेस वाटून घेतल्या तर चालतं का?

समासातल्या_नोंदी

आधी मार्कर बाजूला ठेवा. पान पिवळं झालं की तयारी झाल्यासारखी वाटते, पण रंगवता रंगवता एकही निर्णय होत नाही.

पहिली १० मिनिटं पहिलं पान, शेवटचा परिच्छेद आणि एक्झिबिटांचे नुसते मथळे. बहुतेक केसेसची सुरुवात कुणीतरी अधिकारी विचारात पडलाय अशी होते आणि शेवटी गाडी त्याच माणसापाशी येते. निर्णय कोणाचा, कधीपर्यंत आणि कोणत्या पर्यायांतून, हे या दोन टोकांतच कळतं. ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: "विक्रीप्रमुखाने शुक्रवारच्या बैठकीआधी ठरवायचंय की नवं उत्पादन जुन्याच वितरकांकडून विकायचं की स्वतःची माणसं नेमायची." हे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग २५ मिनिटं मजकूर, भरभर. संस्थापक कोण, पहिला कारखाना कधी, हे चाळलं तरी चालतं. पुढची ४० मिनिटं आकडेमोड. खरा वेळ इथे जायला हवा. उरलेल्या १५ मिनिटांत एका पानावर चार गोष्टी लिहा: निर्णय, दोन कारणं, त्यामागचा एक आकडा, आणि हा निर्णय फसलाच तर कुठे फसेल.

एक मोह टाळा: कंपनीचं पुढे काय झालं ते नेटवर शोधणं. केस ज्या तारखेला थांबते त्या तारखेला उभं राहून ठरवायचं असतं. "पण त्यांनी तर नंतर कारखाना बंद केला" हे वाक्य वर्गात चर्चा मारून टाकतं, आणि प्राध्यापकांना ते अजिबात आवडत नाही.

आणि 'बरोबर उत्तर' शोधत बसू नका. ही पद्धत कायद्याच्या शिक्षणातून आली. १९१९ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झालेले वॉलेस डोनम स्वतः कायदा शिकलेले होते, आणि त्यांच्याच काळात तिथे केसेस रुजल्या. फरक एवढाच की कोर्टाच्या खटल्याच्या शेवटी निकाल असतो, धंद्याच्या केसला तो नसतो.

कॉन्ट्रिब्युशन

वर ४० मिनिटं आकड्यांना दिली आहेत, ती कशी वाया जातात ते दाखवतो. मार्केटिंगच्या केसमधला नेहमीचा प्रकार घ्या. ग्राहकाला किंमत २००, दुकानदाराचं मार्जिन २५ टक्के, बदलता खर्च नगाला ९०, स्थिर खर्च १८ लाख, बाजार वर्षाला ४ लाख नगांचा.

घाईत २०० वजा ९० करून कॉन्ट्रिब्युशन (बदलता खर्च जाऊन नगामागे उरणारी रक्कम) ११० धरलं जातं आणि ब्रेक-इव्हन (स्थिर खर्च भरून निघायला लागणारी विक्री) १६,३६४ नग येतो. म्हणजे बाजाराचा जेमतेम ४ टक्के, "सहज जमेल". पण कंपनीच्या हाती २०० येतच नाहीत. दुकानदाराचे ५० गेले की १५० उरतात, कॉन्ट्रिब्युशन ६०, ब्रेक-इव्हन ३०,००० नग, बाजाराचा साडेसात टक्के. काही जण २०० ला १.२५ ने भागून १६० काढतात. तो झाला खरेदीवरचा मार्कअप. मार्जिन विक्रीच्या किमतीवर मोजतात. केसमध्ये यातला कोणता शब्द आहे ते दोनदा बघा.

आता खरी मेख. समजा नव्या मालाच्या विक्रीतली निम्मी आपल्याच जुन्या मालाची खाल्लेली आहे, आणि जुन्यावर नगाला ४० सुटत होते. मग नव्या प्रत्येक नगामागे सरासरी २० गमावले; ६० चे ४० झाले. ब्रेक-इव्हन ४५,००० नग, बाजाराचा सव्वाअकरा टक्के. तोच माल, तीच किंमत, आणि ४ टक्क्यांचे ११ झाले. वर्गात हा एक आकडा नीट मांडला तर दहा 'मला असं वाटतं' त्यापुढे फिके पडतात.

फायनान्सच्या केसमध्ये एनपीव्ही (पुढच्या रोख प्रवाहांचं आजचं मूल्य, गुंतवणूक वजा जाता) काढताना चार ठिकाणी पाय घसरतो. आधीच झालेला बाजार-पाहणीचा खर्च धरतात (तो निर्णय काहीही घेतला तरी परत येत नाही, सोडून द्या). घसारा रोखीचा खर्च म्हणून वजा करतात. त्याने फक्त कर वाचतो, तेवढाच धरायचा. कर्जावरचं व्याज रोख प्रवाहातून वजा करतात आणि वर डब्ल्यूएसीसीने (कर्ज आणि भागभांडवल मिळून पडणारा सरासरी दर) ते प्रवाह आजच्या मूल्यातही आणतात, म्हणजे तेच व्याज दोनदा मोजलं. आणि सुरुवातीला साठ्यात आणि उधारीत अडकवलेलं वर्किंग कॅपिटल शेवटच्या वर्षी मोकळं होतं हे विसरतात.

मागचा_बाक

सीपीबद्दल. वर्ग ८० मिनिटांचा, मुलं ७०. प्राध्यापक २० मिनिटं बोलले तर माणशी ५१ सेकंद उरतात. म्हणजे रोज बोलायची अपेक्षाच नाही. दोन-तीन वर्गांत एकदा, पण चर्चा पुढे सरकेल असं बोला.

वेळ साधणं जास्त महत्त्वाचं. फळ्याची आखणी प्राध्यापकांच्या डोक्यात आधीच झालेली असते: डावीकडे परिस्थिती, मध्ये पर्याय, उजवीकडे निर्णय आणि अंमलबजावणी. डावा भाग भरत असताना तुम्ही अंमलबजावणीवर उत्तम मुद्दा काढलात तर "त्याकडे येऊ" म्हणतात आणि मुद्दा हवेत विरतो. खडू कुठे चाललाय ते बघून हात वर करा.

चाळीसेक सेकंदांत संपवा. आधीच्या माणसाशी धागा जोडा, पान सांगा, आकडा सांगा, अर्थ सांगा: "वितरक बदलायला नकोत हा मुद्दा निघाला, पण एक्झिबिट ४ मध्ये तळाच्या निम्म्या वितरकांकडून विक्रीचा दहावा भागच येतो. मग सगळ्यांना एका मापाने का मोजायचं?" आधीच्याचंच वेगळ्या शब्दांत सांगणं लगेच लक्षात येतं, आणि गुण मिळत नाहीत.

कोल्ड कॉल झाला (हात वर नसताना अचानक तुमचं नाव घेतलं) तर निर्णय पहिल्या वाक्यात. कंपनीची ओळख सांगत बसू नका, केस सगळ्यांनी वाचलेली असते. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: रोज एकाच जागी बसा आणि नावाची पाटी समोर ठेवा. कोण बोललं याची नोंद बहुधा आसनांच्या तक्त्यावरूनच होते.

एक्सेलवाली_ताई

+१. केसेस मात्र वाटून घेऊ नका. पाच जणांत वाटल्या की प्रत्येकाची एकच केस तयार होते, बाकीच्या ऐकीव. मग दुसऱ्याच्या सारांशावर वर्गात बसायचं आणि पहिल्याच उलट प्रश्नाला गप्प व्हायचं. प्रत्येकाने आपलं एक पान करून आणायचं आणि ३० मिनिटं फक्त जिथे मतं जुळत नाहीत तिथेच बोलायचं. सगळ्यांचं एकमत झालं तर कुणी तरी मुद्दाम विरुद्ध बाजू घ्या.

लेखी असाइनमेंटचं काम वाटता येतं, पण एक्सेलची मूळ फाइल एकाच्याच ताब्यात. गृहीतकं सगळी एका वेगळ्या शीटवर, सूत्रात थेट आकडा टाइप करायचा नाही. कुणीतरी सूत्रात ०.१२ ठोकून देतं, नंतर दर बदलतो आणि दोन तक्त्यांची उत्तरं जुळत नाहीत. हे कळतं जमा करायच्या अर्धा तास आधी.

काम न करणाऱ्याबद्दल तक्रार सत्राच्या शेवटी पीअर इव्हॅल्युएशनमध्ये (ग्रुपमधल्यांनी एकमेकांना दिलेल्या गुणांत) केली तर तोवर तिचा उपयोग उरत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणी कोणता भाग कधी दिला याची साधी यादी सगळ्यांसमोर ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

नवखा_एमबीए

सगळ्यांचे आभार, मार्जिन-मार्कअपचा घोळ आजच्याच केसमध्ये सापडला. जाता जाता: पुढच्या आठवड्यात ऑपरेशन्समध्ये बिअर गेम (पुरवठा साखळीचा वर्गात खेळायचा खेळ) आहे. तयारी काय करावी?

कॉन्ट्रिब्युशन

खेळात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशी साखळी असते, आणि माल ऑर्डर केल्यावर काही आठवड्यांनी येतो. ग्राहकाची मागणी कशी बदलते ते सांगत नाही, मजा जाईल. एवढंच करा: ऑर्डर दिलेला पण अजून न आलेला माल दर आठवड्याला कागदावर वेगळ्या रकान्यात लिहा. सगळे तो विसरून तीच तूट पुन्हा पुन्हा मागवतात आणि मग एकदम ढीग येऊन पडतो. नवी ऑर्डर काढताना माल येईपर्यंतच्या अपेक्षित मागणीत हवा असलेला साठा आणि देणं राहिलेला माल मिळवा, आणि हातातला व वाटेतला साठा वजा करा. उत्तर ऋण आलं तर शून्य लिहा, हात कितीही शिवशिवला तरी.