कन्सेन्सस = एकमत? सर्वानुमते? बिनविरोध?

सांजवेळ: ओएससीईवरच्या, म्हणजे युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. तिथे ५७ देश, सगळे निर्णय कन्सेन्ससने. मी लिहिलं, 'युक्रेनमधल्या निरीक्षण मोहिमेला मुदतवाढ देण्यावर एकमत न झाल्याने ती ३१ मार्च २०२२ ला संपली.' वाचणाऱ्याला वाटेल सगळ्यांची भांडणं झाली, पण अडवलं होतं एकट्या रशियाने. ज्याने हल्ला केला त्याच्याच हातात मोहीम बंद करणं होतं, हे माझ्या वाक्यात दिसतच नाही.

खडूफळा: मतैक्य लिहा. नेमका शब्द आहे.

पोटमाळा: मतैक्य तर आणखी चुकीचं. त्यांच्या नियमात कन्सेन्सस म्हणजे कुणीही आक्षेप न घेणं, मतं जुळायलाच हवीत असं नाही. वडील गावच्या पतपेढीत इतिवृत्त लिहायचे, अध्यक्ष विचारणार 'कुणाची हरकत?', सगळे गप्प, की वडील लिहिणार 'सर्वानुमते मंजूर'. गप्प बसलेल्यांतले निम्मे घरी येऊन तक्रार करायचे. म्हणून मी म्हणेन बिनविरोध.

खडूफळा: बिनविरोध निवड होते हो, निर्णय नाही. शिवाय बिन फारसी, हरकत अरबी. निराक्षेप का नको?

पोटमाळा: बिन हे विनाचंच रूप आहे. आणि निराक्षेप कोण बोलतं?

दूरदेशी: मी व्हिएन्नात राहतो. इथे हॉफबुर्ग राजवाड्यात त्यांच्या कायम परिषदेची दर आठवड्याला बैठक असते, युद्ध चालू असतानाही रशिया आणि युक्रेन दोघांचे प्रतिनिधी तिथे असतात. १९७५ च्या हेलसिंकी करारापासूनची ही पद्धत, कुणाला डावलायचं नाही म्हणूनच सगळे टेबलाशी आले. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियासाठी 'एक वगळून कन्सेन्सस' वापरून त्याला निलंबित केलं होतं. ते 'एक वगळून एकमत' असं वाचून बघा, एकमतात एक वगळणार कसा? 'एक वगळून बिनविरोध' मात्र लगेच कळतं.

सांजवेळ: हे पटलं! पण आता दुसरी अडचण, लेखात पुढे सारखं डायलॉग डायलॉग आहे. समोरासमोर बसून फक्त आरोप होत असतील तर त्याला 'संवाद' लिहायला हात धजत नाही.

खडूफळा: वाटाघाटी. मला तर तो वाटा आणि घाटा यांचाच जोड वाटतो, कुणाला किती मिळणार आणि कुणाचं किती जाणार.

पोटमाळा: छे, मला तर वाट आणि घाट वाटतो, अवघड रस्ता! पण वाटाघाटीत देवघेव हवी, इथे ती कुठाय? साधं 'बोलणी' लिहा ताई.

दूरदेशी: बोलणी तहाची असतात नाहीतर लग्नाची. इथे रोज तह होत नाही, पण दार उघडं राहतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. उद्या शस्त्रसंधी झालीच तर देखरेखीला माणसं कोण पाठवणार? २०१४ मध्ये हीच मोहीम गेली होती ना.

सांजवेळ: मग मोहिमेच्या वाक्यात काय लिहू? 'मुदतवाढ बिनविरोध न झाल्याने' कानाला बरं वाटत नाहीये.

खडूफळा: 'रशियाने हरकत घेतल्याने' लिहा सरळ.

पोटमाळा: आता चालली का अरबी हरकत? तसं अरबीत हरकत म्हणजे हालचाल, हिंदीतही तेच, आपल्याकडेच आक्षेप कसा झाला कुणास ठाऊक.

खडूफळा: गाण्यातली हरकत मात्र अजून हालचालच आहे, ती मूळ अर्थाला धरून...