रुपिन पास जूनमध्ये: सहा मुक्कामांचा प्लॅन घ्यावा की आठ?

राजारामपुरी_८वी_गल्ली
आम्ही चौघी, वय ३८ ते ४९. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रुपिन पास (हिमालयातली उंच खिंड) करायचा आहे, उत्तराखंडातल्या धौलापासून हिमाचलातल्या सांगलापर्यंत, गाईडसोबत. दोन ठिकाणांहून प्लॅन आलेत.

पहिला: धौला, सेवा, झाखा, तिथून थेट धनदेरास थाच (थाच म्हणजे डोंगरातलं कुरण; इथं खालचा धबधबा), मग वरचा धबधबा, पास ओलांडून रोंटी गाड, शेवटच्या दिवशी सांगला.
दुसरा: हाच रस्ता, पण झाखा आणि धनदेरासच्या मध्ये सरुवास थाचला एक मुक्काम, शिवाय धनदेरासला एक दिवस थांबायचं.

पहिल्यात दोन दिवस वाचतात, पैसेही बऱ्यापैकी वाचतात. रोज रंकाळ्याला फेरी आणि दर रविवारी जोतिबा पायी, असं गेले तीन महिने चालू आहे. तब्येत ठीक असेल तर पहिला चालून जाईल का? पासखालची ती उभी बर्फाची घळ नक्की कशी चढवतात? डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का? आणि गाईड चांगला आहे हे इथं कोल्हापुरात बसून कसं ओळखायचं?

---

मसाई_पठार
ताई, दोन्ही प्लॅनमधली फक्त झोपण्याची उंची एका कागदावर लिहा. दिवसभर किती चढलात यापेक्षा रात्री कुठं झोपलात यावर शरीराचा हिशेब चालतो.

धौला सुमारे १,५५० मीटर, सेवा १,९२०, झाखा २,६५०, सरुवास ३,१२०, धनदेरास ३,५६०, वरचा धबधबा ४,०००, पास ४,६५०, रोंटी गाड ४,०९०, सांगला २,६८०.

३,००० मीटरच्या वर एका रात्रीत झोपण्याची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम. पहिल्या प्लॅनमध्ये झाखा ते धनदेरास एका दिवसात ९१० मीटर, आणि लगेच दुसऱ्या दिवशी आणखी ४४०. दुसऱ्या प्लॅनमध्ये ४७०, ४४०, थांबा, मग ४४०. जे दोन दिवस ‘वाचतात’ म्हणताय, ते नेमके विरळ हवेची सवय लागायचे दिवस आहेत.

आणि तब्येत ठीक असण्याचा इथं संबंध फार थोडा. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला जो वेळ लागतो तो पैलवानालाही लागतो. उलट दमदार माणूस भरभर चढतो, डोकं दुखायला लागलं तरी सांगत नाही, आणि तोच आधी आडवा होतो. जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून ९५० मीटरच्या आसपास. त्यानं पाय तयार होतील, पण विरळ हवेची सवय कोल्हापूर जिल्ह्यात कुठंच लागत नाही.

आता एक गोष्ट जी प्लॅनच्या कागदावर दिसत नाही. वरच्या धबधब्याला एखादीला त्रास सुरू झाला तर धनदेरासला उतरता येतं, ४४० मीटर खाली, दोनेक तासांत. पण पास ओलांडला की पलीकडचा मुक्काम रोंटी गाड परत ४,०९० वरच आहे! म्हणजे ‘पास झाला की बरं वाटेल’ ही समजूत खोटी. खरी उतरण त्यानंतर सांगलाच्या दिवशी, सुमारे १,४०० मीटर. म्हणून कोण पुढं जाणार आणि कोण परत फिरणार हे वरच्या धबधब्याला आदल्या संध्याकाळीच ठरायला हवं. पहाटे अंधारात, घळीच्या पायथ्याशी ठरवायची ही गोष्ट नव्हे. आजारी माणसाबरोबर खाली जायला वेगळा गाईड आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. ‘बघू की तेव्हा’ असं उत्तर आलं तर तो प्लॅन बाजूला ठेवा.

---

अर्धी_गोळी
औषधांपुरतं लिहितो. स्वतःच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका.

डायमॉक्स म्हणजे ॲसेटाझोलामाइड. आपल्याकडं २५० मिलिग्रॅमची गोळी मिळते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस १२५, म्हणजे अर्धी गोळी, दर बारा तासांनी. उंची वाढू लागण्याच्या आदल्या दिवसापासून. तुमच्या रस्त्यावर ती झाखाच्या आसपास सुरू होते, दिल्लीत नाही. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, लघवी वारंवार लागते, सोडा बेचव लागतो. हे अपेक्षित आहे, घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळीत लघवीचं औषध असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एक अर्धी गोळी घरीच, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, म्हणजे मुंग्या नवीन वाटणार नाहीत.

गोळी घेतली म्हणून ९१० मीटरची उडी माफ होत नाही.

त्रास ओळखायचा कसा? डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं: हा साधा प्रकार. त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही. पण एका सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालताना तोल जात असेल, किंवा बोलणं भरकटत असेल, तर मेंदूला सूज येतेय असं समजायचं. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला सुटत नाही, तर फुफ्फुसात पाणी भरतंय असं समजायचं. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नसते. रात्र असो, पाऊस असो, खाली. डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) आणि ऑक्सिजन हे उतरवेपर्यंत वेळ मिळवून देतात एवढंच.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर भांडू नका. थंड बोटावर तो खोटं बोलतो. हात जॅकेटात पाच मिनिटं गरम करा, नेलपॉलिश काढा, मग बघा. आकडा बरा आणि माणूस डगमगतोय, तर माणसाकडं बघायचं.

आणि ते दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे घेऊ नका. दहा लिटर वायू असतो, मिनिटाला दोन लिटरनं पाच मिनिटं पुरतो. गाईडकडं खरा सिलिंडर हवा. चार लिटर पाणी मावेल एवढा, १५० बार दाबानं भरलेला असेल तर साधारण ६०० लिटर वायू, त्याच वेगानं पाच तास. निघताना दाबाचा काटा स्वतः बघा. रेग्युलेटर आणि मास्क सोबत आहे का तेही. सिलिंडर आहे पण चावी नाही, हा प्रकार ऐकण्यात नवीन नाही.

---

सपाटे_आणि_बैठका
रंकाळा सपाट आहे. दम वाढायला ठीक, पण उतरणीला उपयोग शून्य. सांगलाच्या दिवशी १,४०० मीटर उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक मारत असतो. त्याची सवय नसेल तर दुपारपर्यंत पाय थरथरतात, मग पाऊल चुकतं, मग गुडघा किंवा घोटा. आपल्याकडं तालमीतल्या बैठका सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्या झपाझप मारतात. तुम्हाला उलट हवंय: वीस सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच एक ते चार मोजत हळूहळू खाली टेकवायची. प्रत्येक पायाला बारा, तीन वेळा, आठवड्यातून तीनदा.

पासच्या दिवसाची चढाई ६५० मीटर. दहा मजल्यांची इमारत धरली, मजला तीन मीटरचा, तर बावीस वेळा. एकदम नको. पाठीवर पाच किलोनं सुरू करा, आठवर जा. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या. पहिले काही आठवडे वर गेल्यावर पाणी ओतून द्या म्हणजे गुडघे वाचतात, शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र भरल्या पिशवीनंच उतरा. जोतिबा एकदा करून गाडीनं परत येत असाल तर निम्मं काम राहतंय. पायी उतरा, परत चढा, परत उतरा.

जायच्या तीन आठवडे आधी दोन सलग दिवस चाला, पन्हाळ्यावरून मसाई पठाराकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पाय काय म्हणतात, तीच परीक्षा.

बूट नवे असतील तर साठ-सत्तर किलोमीटर आधी इथं चालून घ्या. जुने असतील तर आणखी सावध. दोन-तीन पावसाळे कपाटात पडलेल्या बुटाचा मऊ तळ दमट हवेनं आतून कुजतो, वरून दिसत नाही, आणि डोंगरात दुसऱ्या दिवशी अख्खा सोल हातात येतो. अंगठ्यानं तळाच्या कडेला दाबून बघा. भुगा किंवा भेगा दिसल्या तर टाकून द्या.

---

नाळेतून
पासखालची ती घळ म्हणजे सह्याद्रीत ज्याला आपण नाळ म्हणतो तोच आकार, फक्त बर्फानं भरलेला. उंची पाव किलोमीटरसुद्धा नाही, पण उभी.

वरच्या धबधब्यावरून पहाटे चारच्या सुमारास निघतात. कारण रात्रभर बर्फ घट्ट झालेला असतो. ऊन पोचलं की दोन गोष्टी होतात: बर्फ भुसभुशीत होऊन पाऊल गुडघ्यापर्यंत जातं, आणि वर गोठून चिकटलेले दगड सुटतात. नाळेत दगडाला बाजूला जायला वाव नसतो, तुम्हालाही नसतो. म्हणून उशिरा निघालेला गट थांबवायचा असतो, रेटायचा नसतो.

पुढचा गाईड आइस ॲक्सनं (बर्फाच्या कुऱ्हाडीनं) पायऱ्या खोदत जातो. तुमचं काम एवढंच: त्याच पायरीत पूर्ण पाऊल, टाच खाली, अंग डोंगराकडं न झुकवता सरळ. घाबरून माणूस डोंगराला चिकटतो आणि तिथंच पाय निसटतो. दोघींत दोन-तीन मीटर अंतर. काठीचा पट्टा मनगटातून काढून ठेवा. मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे काटे) बर्फ लागायच्या आधी, सपाट जागी बसून चढवा. नाळेत उभ्यानं चढवायला गेलात की हातमोजा खाली जातो.

घसरलात तर लगेच पालथं व्हा, छाती बर्फाला, बुटांची टोकं आत रोवा. वेग यायच्या आत, पहिल्या दोन सेकंदांत. धनदेरासच्या थांब्याच्या दिवशी एखाद्या बर्फाच्या उतारावर, खाली सपाटी असेल अशा जागी, हे पाच-सहा वेळा करून घ्या. आठ मुक्कामांच्या प्लॅनचा हाही एक फायदा.

गाईडबद्दल. उत्तरकाशीची एनआयएम, दार्जिलिंगची एचएमआय, मनालीची संस्था, या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थांपैकी कुठून बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स झालाय ते विचारा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधीचं आहे तेही. पण कागदाइतकंच महत्त्वाचं, या वर्षी ती नाळ त्यानं पाहिली आहे का. जूनमधला बर्फ दर वर्षी वेगळा असतो. माझ्या मते नाळेच्या दिवशी पाच जणांमागं एक गाईड यापेक्षा कमी नको. दोर किती मीटर नेतात, सगळ्यात मागं कोण चालतो, वॉकीटॉकी पुढच्या-मागच्या दोघांकडं आहे का, हे विचारा. ‘मॅडम, टेन्शन नका घेऊ’ हे उत्तर धरू नका.

---

राजारामपुरी_८वी_गल्ली
सगळ्यांचे आभार. आठ मुक्कामांचाच घेतोय. दोन छोट्या शंका: खायला इथून काय न्यावं? आणि परतीचं रेल्वे तिकीट कधीचं काढावं?

---

मसाई_पठार
वर भूक मरते, त्यामुळं जे तोंडाला बरं वाटेल तेच. शेंगदाण्याची चिक्की, गूळ, भडंग वेगवेगळ्या लहान पिशव्यांत, रोज एक. चिक्की थंडीत दगड होते, ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. खर्डा न्या थोडा, कॅम्पवरच्या फिक्या डाळीला जीव येतो. पण पासच्या आदल्या रात्री नको, पहाटे तीनला पोट बिघडलं तर बर्फात तंबूबाहेर जावं लागतंय.

तिकिटाचं: सांगला ते शिमला गाडीनं अख्खा दिवस धरा, आणि हवामानासाठी त्यावर एक दिवस मोकळा ठेवा. दिल्लीतल्या निजामुद्दीनहून कोल्हापूरची थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे, ती चुकली तर पुण्यापर्यंत वेगळी गाडी बघावी लागते. तो मोकळा दिवस गाईडलाही सांगून ठेवा. नाहीतर ‘उद्या तुमची गाडी आहे ना’ म्हणून खराब हवेत पासवर काढतील.