बारसं आत्यानं केलं, म्हणून मूल आत्याचं?

खडकू
भाच्याच्या शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती काढत होतो. त्याच्या पुस्तकात एकच ओळ: 'डायनोसॉरचा शोध रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली लावला.' भाच्याचं काम झालं, माझं डोकं तापलं.

ओवेननं, म्हणजे लंडनच्या त्या शरीररचनेच्या अभ्यासकानं, शोध नाही लावला हो, शब्द लावला. 'डायनोसॉरिया' या शब्दात त्यानं ज्या तीन प्राण्यांची मोट बांधली, त्यातला मेगॅलोसॉरस ऑक्सफर्डच्या बकलंड या भूशास्त्रज्ञानं १८२४ मध्येच जाहीर केला होता. इग्वानोडॉन (१८२५) आणि हायलिओसॉरस (१८३३) हे दोन्ही गिडियन मँटेलचे. हा इंग्लंडमधल्या ससेक्सच्या लुईस गावचा डॉक्टर. दिवसा रुग्ण, रात्री हाडं. इग्वानोडॉनचे आधी नुसते दातच मिळाले होते, तेही चघळून चघळून वरून सपाट झालेले. असे दात सरपटणाऱ्या प्राण्याचे कसे असतील? पॅरिसच्या क्युव्हिए या नावाजलेल्या प्राणिशास्त्रज्ञानं आधी गेंड्यावर बोट ठेवलं. मँटेल हटला नाही. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात खणच्या खण उपसत बसला. शेवटी तिथल्या स्टचबरीनं त्याला इग्वाना सरड्याचा नमुना दाखवला. तसेच दात, तशाच करवतीसारख्या कडा, फक्त आकारात जमीनअस्मानाचा फरक!

आणि लोकांच्या लक्षात राहिला कोण? ओवेन. याला आमच्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. रॉयल सोसायटीचं १८४६ चं रॉयल पदकही त्यानं बेलेम्नाइट या माकूलसारख्या नामशेष जिवावरच्या निबंधासाठी घेतलं, आणि त्याच जिवाचं वर्णन आधी करणाऱ्या चॅनिंग पिअर्सचा त्यात उल्लेखही केला नाही. मँटेल १८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पाठीतून गेला, १८५२ मध्ये अफूचा डोस जास्त होऊन वारला. त्याचा वाकडा कणा पुढे बरणीत घालून कुठे ठेवला? ओवेन ज्याचा कारभारी होता त्याच संग्रहालयात. कणासुद्धा सोडला नाही!

बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. म्हणून मूल आत्याचं होतं का?

साशंक
उपमा झकास, मुद्दा कच्चा. ती तीन हाडकं म्हणजे तीन मोठे सरडे, एवढंच तेव्हा लोकांना दिसत होतं. ओवेननं त्यांचे माकडहाडाच्या वरचे मणके पाहिले. पाच मणके एकजीव झालेले, आणि पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नाहीत, तर खांबासारखे अंगाखाली. यावरून हा वेगळाच गट आहे हे त्यानं ओळखलं. हे नुसतं बारसं नाही, जन्मपत्रिका मांडणं आहे.

आणि मोआ हा नामशेष पक्षी विसरलात? १८३९ मध्ये न्यूझीलंडहून आलेला मांडीच्या हाडाचा तुकडा, दोन्ही टोकं तुटलेली, जेमतेम वीतभर. ओवेन म्हणाला, तिथे शहामृगाएवढा पक्षी होता. लोक हसले. १८४३ मध्ये पेट्या भरून हाडं आली. माणूस खडूस होता, मान्य. पण खडूस माणसाला डोळे नसतात असं थोडंच आहे?

गोदाकाठ
साशंकशी सहमत. वर्णन न झालेलं हाड म्हणजे दगडच.

मुक्ता
गोदाकाठ, हे वाक्य मेरी ॲनिंगच्या घरी जाऊन म्हणून दाखवा बरं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रिजिसच्या कड्याखाली ही बाई हिवाळ्यात हाडं शोधायची, कारण दरडी तेव्हाच कोसळतात. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरस या समुद्रात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा पहिला पूर्ण सांगाडा मिळाला. मान इतकी लांब की क्युव्हिएला आधी बनावटच वाटला. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तो मांडला कॉनिबेअर या भूशास्त्रज्ञानं, आणि सांगाडा खणून साफ करणारीचं नाव काही घेतलं नाही. ती स्वतः तिथे जाऊच शकत नव्हती, बायकांना दारच बंद. तिच्या हयातीत तिच्या नावानं प्रजाती केल्या त्या अगासी या स्विस माणसानं, दोन माशांच्या. इंग्रजांना बाईकडून हाडं विकत घ्यायला चालत होती, बाईचं नाव घ्यायला नाही.

आणि खडकू, मँटेलची एवढी बाजू घेऊ नका. पहिला दात बायकोला मिळाला असं तो आधी स्वतःच लिहीत होता. १८५१ मध्ये मात्र दात आपल्यालाच मिळाले म्हणाला. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक. बरेचसे जीवाश्म तर त्यानं ककफील्डच्या खाणकामगारांकडून पैसे मोजून घेतलेले. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत?

खडकू
लागलं. पण मग मूळ मालक कोण? असं खाली खाली जात राहिलो तर शेवटी कुदळीलाच पदक द्यावं लागेल.

दगडफोड्या
म्हणूनच नियम हवा, भावना नको. गंमत बघा, डायनोसॉरिया शब्द छापला त्याच १८४२ साली ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे प्राण्यांना नावं देण्याची स्ट्रिकलंडची नियमावली आली: जे नाव आधी छापलं ते खरं. समितीत डार्विनही होता. त्याआधी जो उठेल तो आपलं नाव चिकटवायचा.

आता नियम आंधळेपणानं लावला तर काय होतं तेही ऐका. १७६३ मध्ये ब्रूक्स नावाच्या इंग्रज लेखकानं ऑक्सफर्डशायरमधल्या एका मोठ्या हाडाच्या टोकाच्या चित्राखाली 'स्क्रोटम ह्यूमॅनम' असं छापलं. हाड दिसतच होतं पुरुषाच्या अवघड जागेसारखं. ते हाड मेगॅलोसॉरसचं असावं असं बरेचजण मानतात. म्हणजे बकलंडचं नाव बाद, आणि मुलांच्या प्रकल्पात अवघड जागेचं दुखणं!

मँटेलच्या चाहत्यांसाठी अजून एक वाईट बातमी. त्याच्या त्या सुप्रसिद्ध दातांवरून आज नेमकी प्रजात ठरवता येत नाही. म्हणून २००० मध्ये 'इग्वानोडॉन' या नावाचा आधारच बदलला. आता ते नाव १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत सापडलेल्या सांगाड्यांवर उभं आहे. नाव मँटेलचं, हाडं बेल्जियन.

साशंक
म्हणजे नावच टिकलं, दात गेले. माझा मुद्दा दगडफोड्यांनीच सिद्ध केला 😀

टाकळघाटकर
उशिरा आलो. विदर्भाचा विषय निघाला नाही म्हणून लिहितोय.

नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं कॉलेज आहे ते. पाद्री होते, पण खडक दिसला की थांबायचे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या खडकातून मिळवलेली एक कवटी लंडनला गेली. १८५५ मध्ये नाव दिलं कुणी? ओवेननंच. 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स', आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा उभयचर. आपल्या मातीतल्या प्राण्याचं बारसं हजारो मैलांवर बसलेल्या या माणसानं केलं, आणि प्राण्याच्या नावात ना नागपूर, ना मांगली, ना हिस्लॉप. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाले.

पण त्याच खडकातल्या एका चिमुकल्या शिंपलेधारी जिवाला रूपर्ट जोन्सनं १८६२ मध्ये 'एस्थेरिया मंगालिएन्सिस' म्हटलं. इतका बारीक जीव की बोटाला चिकटला तरी कळणार नाही, पण त्याच्या नावात आमचं गाव आहे. म्हणून सगळ्या बारसेवाल्यांना एका माळेत ओवू नका.

मुक्ता
टाकळघाटकर, छान माहिती. पण मांगलीत कवटीवर पहिली कुदळ कुणी मारली?

टाकळघाटकर
ते ओवेनच्या निबंधात शोधून सापडणार नाही. आमच्याच आजोबा-पणजोबांपैकी कुणी असेल.

साशंक
अवांतर: लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मुख्य जिन्यावर कित्येक वर्षं ओवेनचा पुतळा होता. म्युझियम त्याच्याच खटपटीनं १८८१ मध्ये उघडलं. डार्विनच्या द्विशताब्दीच्या तोंडावर ओवेनला हलवून तिथे डार्विनला बसवलं. तेव्हा खडकू, तुमच्या नागोबाचं बीळही गेलं. आता तरी शांत व्हा.

खडकू
झालो. भाच्यानं प्रकल्पात 'शब्द ओवेनचा, इग्वानोडॉन मँटेलचा, प्लेसिओसॉरस मेरी ॲनिंगचा' असं लिहिलं. बाईंनी शेवटच्या नावाखाली लाल पेनानं विचारलंय: प्लेसिओसॉरस डायनोसॉर होता का? नव्हता. अर्धा गुण गेला, आणि घरी सगळे माझ्याकडे बघतायत.