सहकाऱ्याला आपली रजा देता येते का? (राज्य शासन, पुणे)

कोथरूडकर
आमच्या कार्यालयातल्या लिपिक ताईंची कर्करोगासाठी केमो चालू आहे. सेवा १० वर्षं. अर्जित रजा संपत आली. आम्ही आठ जण प्रत्येकी ५ दिवस अर्जित रजा त्यांना द्यायला तयार आहोत. अर्ज कुणाकडे करायचा?

आस्थापना शाखा
अर्ज मंजूर होणार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये एकाची रजा दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची तरतूदच नाही. अमेरिकेच्या संघीय सेवेत १९८८ च्या कायद्याने ती आहे, पण तिथेही वार्षिक रजाच देता येते, आजारपणाची नाही.

आधी ताईंचा रजा लेखा काढा. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमा होते, १ जानेवारी आणि १ जुलैला १०-१०. १० वर्षांचे २०० दिवस. पूर्वी २० दिवस परिवर्तित रजा (दोन अर्धपगारी दिवसांच्या बदल्यात एक पूर्ण पगारी दिवस) घेतली असेल तर दुप्पट म्हणजे ४० वजा, उरले १६०. वैद्यकीय प्रमाणपत्रावर त्याचे ८० दिवस पूर्ण पगारी होतात. अर्जात नुसतं 'आजारी रजा' लिहू नका, 'परिवर्तित रजा' असंच लिहा. सेवापुस्तकात नोंदी अर्धवट असतात आणि फाइल तिथेच अडते, म्हणून त्या आधी पूर्ण करून घ्या.

निवृत्त अधीक्षक
कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांसाठी नियमांत वेगळी रजा आहे. कुणी आपणहून सांगत नाही, लेखी मागा.

खात्यात काही उरलं नाही तर अनर्जित रजा: पुढे मिळणाऱ्या अर्धपगारी रजेतून आगाऊ, संपूर्ण सेवेत कमाल ३६० दिवस, पगार अर्धा. ताई कामावर परततील अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. त्यामुळे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात उपचारांचा कालावधी आणि परतण्याची शक्यता दोन्ही यायला हवीत. शेवटी असाधारण रजा, बिनपगारी. आदेशात 'वैद्यकीय कारणास्तव' हे शब्द हवेतच, नाहीतर वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी त्रास होतो.

घाबरून राजीनामा मात्र देऊ देऊ नका. राजीनामा दिला तर घेतलेली परिवर्तित रजा अर्धपगारी धरून पगारातल्या फरकाची वसुली लागते.

कोथरूडकर
धन्यवाद सर. मग आम्ही आठ जणांनी काय करावं?

आस्थापना शाखा
अर्धपगारीच्या महिन्यांत पैशांची मदत करा, त्यांचं टेबल वाटून घ्या. मुदतवाढीचा अर्ज रजा संपण्याआधी पोचवायची जबाबदारी एकाने घ्यावी. रुजू होताना तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागेल, ते आदल्या आठवड्यातच मिळवून ठेवा.