हॅकनेटला 'नुसतं टायपिंग' म्हणणाऱ्यांना उत्तर

शेलवाला: रामबागेतल्या गणेशोत्सवात मुलांसाठी संगणक कोपरा ठेवायचाय, तिथे हॅकनेट हा कमांड टाइप करून खेळायचा हॅकिंगचा खेळ लावायचा विचार आहे. त्यावर एकाने लिहिलं, 'हॅकनेट म्हणजे नुसतं टायपिंग, खऱ्या हॅकिंगशी काडीचा संबंध नाही, मुलांचे दोन तास वाया.' हे मला अजिबात पटत नाही. खेळातल्या सर्व्हरला जोडून घ्या, 'प्रोब' ही तपासणीची कमांड मारा. किती पोर्ट, म्हणजे जोडणीची क्रमांकित दारं, उघडायला हवीत ते कळतं. मग ती उघडणारे क्रॅकर प्रोग्राम: २२ वर एसएसएचक्रॅक, २१ वर एफटीपीबाउन्स, २५ वर एसएमटीपीओव्हरफ्लो. प्रत्येक प्रोग्राम त्याच एका मेमरीतला वाटा खातो, म्हणून सगळे एकदम सुरू करता येत नाहीत. इकडे ट्रेसचं, म्हणजे आपला माग काढला जाण्याचं, घड्याळ धावतंय. उघडलेली पोर्ट कमी असताना पोर्टहॅक हा शेवटी आत शिरवणारा प्रोग्राम चालवला तर चालत नाही, वेळ मात्र जातो. घड्याळ संपलं की आयएसपीच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या) सर्व्हरमध्ये शिरून स्वतःचा आयपी पत्ता बदलून घ्यायचा, नाहीतर खेळ खलास. आधी बघणं, मग क्रम लावणं, मग हात चालवणं: ही शिस्त मुलांना लागते.

पोर्ट_बावीस: शिस्त मान्य. पण मुलांच्या डोक्यात चित्र उलटं बसतं. हॅकनेटमध्ये क्रॅकर चालवला की पोर्ट 'उघडतं'. प्रत्यक्षात पोर्ट उघडं असणं म्हणजे तिथे सेवा ऐकत बसलीय, एवढंच. २२ उघडं असलं म्हणून कोणी आत शिरत नाही. कच्चा पासवर्ड किंवा न दुरुस्त केलेली चूक लागते. आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवर राहणारी आपल्या हालचालींची नोंद? बहुतेक मिशनमध्ये लॉग न पुसता निघालात तरी काही होत नाही. २००१ च्या अपलिंक या हॅकिंगच्याच खेळात हेच खरं संकट आहे. कनेक्शन इंटरनिक या त्या खेळातल्या सर्व्हरवरून फिरवून न्यायचं, काम झालं की इंटरनिकमध्ये जाऊन आपली नोंद उडवायची. विसरलात तर मागाहून शोध सुरू होतो, आणि पकडले गेलात की तो एजंट कायमचा गेला. मुलांना अपलिंकच द्या.

शेलवाला: लॉगचं म्हणणं खरंय, घ्या. पोर्टचा मुद्दाही एका वाक्यात समजावता येईल. पण अपलिंक सगळं माउसवर! कमांड टाइप करायचा कन्सोल मोजक्याच सर्व्हरवर, तोही दोन-चार कमांडपुरता. एलएस, सीडी, कॅट, आरएम या फाइली हाताळायच्या कमांड बोटांत बसवायच्या असतील तर अपलिंक कसा चालेल?

जोडाक्षर: दोघंही इंग्रजीच गृहीत धरताय. रामबागेतल्या सातवीच्या मुलाला मिशनचा मेल मराठीत का नको? २०१७ पासून हॅकनेटला एक्स्टेन्शन, म्हणजे स्वतः लिहिलेली मिशनं, जोडता येतात, मजकूर सगळा एक्सएमएल या साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये. बसून लिहून काढा.

पोर्ट_बावीस: ताई, लिहून बघितल्यावर कळेल. हॅकनेट एक्सएनए या खेळ बनवायच्या साधनाच्या घराण्यातला. तिथला फॉन्ट म्हणजे एका कोडला एक चित्र. 'क्षि' साठवताना क, हलंत, ष, वेलांटी असे चार कोड. दिसताना वेलांटी डावीकडे यायला हवी आणि क्ष जोडून. ही जुळवणी तिथे होतच नाही. शिवाय फॉन्टमध्ये अक्षर नसेल आणि पर्यायी अक्षरही दिलं नसेल तर प्रोग्राम तिथेच पडतो.

जोडाक्षर: म्हणजे मराठीचाच दोष? १९८० च्या दशकात जिस्ट या संगणकात बसवायच्या कार्डाने डॉस या जुन्या प्रणालीच्या काळ्या पडद्यावर देवनागरी जुळवून दाखवली होती. आज जमत नाही म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

पोर्ट_बावीस: आळस म्हणू नका! जिस्टमध्ये जुळवणीचं काम कार्डावर व्हायचं. इथे ते आपल्यालाच करावं लागेल. हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामने मजकूर आधी जुळवा, जितके वेगळे आकार निघतील त्यांना युनिकोडच्या खासगी, म्हणजे कोणत्याच लिपीला न दिलेल्या, पट्ट्यातले कोड द्या. ई०००पासून ६४०० जागा आहेत, तेवढ्या पुरतील. त्या कोडांचा फॉन्ट बनवून खेळात घुसवा. पण खेळाचा फॉन्ट बदलणं एक्स्टेन्शनच्या आवाक्यात नाही, खुद्द प्रोग्रामला हात लावावा लागेल. उत्सवाआधी हे होणार नाही.

जोडाक्षर: घुसवायचा मार्ग आहे हे निदान कबूल केलंत.

शेलवाला: ताई, खऱ्या टर्मिनलातही, म्हणजे कमांडच्या पडद्यातही, हे भांडण आहेच. चौकटीचा पडदा, एका घरात एक अक्षर. वेलांटीला शून्य घर द्यायचं की एक, यावर प्रोग्रामांचं एकमत नाही. कर्सर एकीकडे, अक्षर दुसरीकडे. मागे खोडताना नेमकं काय पुसलं जातंय तेच कळत नाही. त्यामुळे कमांड रोमनमध्येच राहू द्या. मिशनचे मेल मी मराठीत लिहून कागदावर छापून आणतो, प्रत्येक संगणकापाशी एक संच.

जोडाक्षर: कागदावर चालेल. पण फाइलींची नावं जशीच्या तशी रोमनमध्ये ठेवा. लिपी बदललीत तर कॅट करताना फाइल सापडायची नाही.

पोर्ट_बावीस: आणि पहिल्या पानावर 'पोर्ट उघडं असलं म्हणून कोणी आत शिरत नाही' ही ओळ ठळक छापा. तेवढं केलंत तर हॅकनेटला माझी हरकत नाही. मोठ्या मुलांच्या एका संगणकावर अपलिंक मात्र मी टाकणार.