जुनी स्पोर्ट्स कार ऑनलाइन घेताना: खोटी जाहिरात ओळखणे सोपे, रास्त भाव ठरवणे अवघड

धागाकर्ता (कोव्हेंट्री)

मी गेले काही महिने एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) शोधत आहे. मागच्या महिन्यात एका जाहिरातीपाशी थबकलो. 1967 ची लाल गाडी, क्रोम बंपर, तारांची चाके आणि किंमत साडेपाच हजार पौंड. तशाच दिसणाऱ्या गाड्यांना इतर विक्रेते दहा-अकरा हजार मागत होते. विक्रेत्याने कळवले की तो कामानिमित्त परदेशात आहे, गाडी एका वाहतूक कंपनीच्या गोदामात आहे आणि एस्क्रो खात्यात (गाडी मिळेपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवण्याच्या खात्यात) पैसे भरले की ती दारात येईल. मी एवढेच मागितले की चासी क्रमांकाच्या पट्टीशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद धरून फोटो काढा. दोन दिवसांनी फोटो आला, त्यात कागद नव्हता आणि पट्टीवरचा क्रमांक जीएचडी या अक्षरांनी सुरू होत होता. एमजीबीच्या क्रमांकात तिसरे अक्षर एन असेल तर ती उघडी रोडस्टर आणि डी असेल तर बंद छपराची जीटी. म्हणजे ती पट्टी दुसऱ्याच गाडीची होती.

अशी लबाडी दहा मिनिटांत पकडता येते. खरे नुकसान होते ते गाडी खरी, विक्रेता खरा, कागदपत्रे खरी आणि फक्त किंमत चुकीची असते तिथे. लोक जाहिरातींतल्या किमती पाहून भाव ठरवतात, पण मागणारा काहीही मागू शकतो. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे ‘अशी गाडी पुन्हा मिळणार नाही’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. या गाडीला वेगळी चासी नसते. सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर, त्यातही दारांखालच्या पोकळ आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे सिल्सवर असतो. म्हणून मी चांगल्या गाडीचा प्रत्यक्ष विक्रीचा भाव घेतो आणि त्यातून सिल्स व गाडीच्या तळाच्या पत्र्याच्या दुरुस्तीचा खर्च वजा करतो. उरेल तो रास्त भाव. नवा रंग आणि चकचकीत क्रोम यांची किंमत मी शून्य धरतो. आपले मत काय?

प्रतिसाद १ (लंडन)

‘दहा मिनिटांत पकडता येते’ याच्याशी मी असहमत आहे, आणि हे वाक्य वाचून कोणी गाफील राहू नये म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मेहुणे दोन हजार पौंडांच्या इसाराला मुकले, आणि ते भोळे मुळीच नाहीत. त्यांना दाखवलेली गाडी बाजारभावापेक्षा जेमतेम दहा टक्के स्वस्त होती. फोटो खरे होते, कारण ते आधीच्या एका लिलावातून उचललेले होते. नंबरप्लेट खरी होती, त्यामुळे सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन-तपासणीचा) इतिहासही जुळला. 2005 पासूनच्या चाचण्या तिथे कोणालाही फुकट पाहता येतात आणि फसवणारालाही त्या पाहता येतात. कंपनीचे नाव नोंदणीकृत होते, फक्त त्या नावाने संकेतस्थळ चालवणारा माणूस त्या कंपनीचा नव्हता. गाडीची सगळी माहिती खरी आणि विकणारा तेवढा खोटा, अशा वेळी चासीची अक्षरे वाचून काय हाती लागणार? पैसे पाठवताना बँकेने ‘खातेदाराचे नाव जुळत नाही’ असा इशारा दिला होता, पण समोरच्याने ‘खाते समूह कंपनीच्या नावावर आहे’ असे तयार उत्तर दिले आणि मेहुण्यांनी ते मान्य केले. मला विचाराल तर तिथेच थांबायला हवे होते.

प्रतिसाद २ (न्यू जर्सी)

माझा आक्षेप भावाच्या हिशेबाला आहे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा गाडीच्या किमतीला ओलांडून जातो. एमजीबीचा नवा सांगाडा आजही तयार मिळतो, पण तो चालू स्थितीतल्या अनेक एमजीबींपेक्षा महाग पडतो. तुमच्या वजाबाकीने निम्म्या गाड्यांची किंमत शून्याच्या खाली जाईल, आणि त्या भावाने तुम्हाला कोणी गाडी देणार नाही. दोन जाणकार खरेदीदार उघड लिलावात जिथे थांबतात तो भाव.

प्रत्यक्ष पाहण्याचे महत्त्वही आपण वाढवून सांगतो. माझी पहिली डॅटसन 240झेड (जुनी जपानी स्पोर्ट्स कार) मी स्वतः जाऊन, हात लावून, चालवून घेतली, आणि बॅटरीच्या तळाखालचा गंज मला दिसला नाही, कारण तो कुठे शोधायचा हेच मला ठाऊक नव्हते. दुसरी मी न पाहता लिलावात घेतली. इथे अमेरिकेत 1981 पूर्वीच्या गाड्यांना सतरा अक्षरांचा प्रमाणित क्रमांक नसतो, त्यामुळे नेहमीच्या तपासण्या तोकड्या पडतात. ती उणीव लिलावाखाली प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी जाणकारांनी भरून काढली. एकाने तर केवळ फोटोवरून सांगितले की इंजिन मूळचे नाही. वर मी एका स्वतंत्र मेकॅनिकला पैसे देऊन गाडी उचलून तपासून घेतली. अननुभवी डोळ्यांपेक्षा हे अधिक भरवशाचे आहे.

धागाकर्ता (कोव्हेंट्री)

लंडनकरांचा मुद्दा मला मान्य आहे. ‘सोपे’ हा शब्द मी चुकीचा वापरला. तरीही एक फरक मांडतो. इथे ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून, फसवून आपल्याकडूनच करवून घेतलेल्या बँक-हस्तांतरणाची 85,000 पौंडांपर्यंत भरपाई देणे बँकांवर बंधनकारक आहे. त्याला अटी आहेत, पण दार तरी उघडे आहे. खऱ्या खाजगी विक्रेत्याने कुजलेल्या सिल्सची गाडी चढ्या भावाने गळ्यात मारली, तर तो दोघांमधला दिवाणी वाद ठरतो आणि त्याला हे संरक्षण नाही. म्हणूनच मला भावाची चिंता अधिक वाटते.

न्यू जर्सीकरांना सांगतो की वजाबाकी शून्याखाली गेली तर ती गाडी मी घेत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. शिवाय लिलावाचे फोटो सिल्सच्या पोकळीत शिरत नाहीत. गेल्या रविवारी मी एक गाडी पाहिली, जिच्या फोटोंना नावे ठेवायला जागा नव्हती. दार बंद असताना दार आणि शेजारचा पत्रा यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. मालकाच्या परवानगीने बाजूने जॅक लावला, आणि चाक जमिनीवरून सुटायच्या आत दाराची वरची फट मिटत गेली. उघडायला गेलो तर दार अडकले. कापडात गुंडाळलेले चुंबक सिलवर फिरवले तर मध्ये वीतभर जागेत ते पकडतच नव्हते, कारण तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी भरून वर रंग दिला होता. मालकालाही हे ठाऊक नव्हते असे मला वाटते, त्याचा चेहरा उतरला होता. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना 2018 पासून एमओटीची सक्ती नाही, आणि या गाडीची शेवटची चाचणी 2017 ची होती.

प्रतिसाद ३ (पुणे)

आपल्याकडे पत्र्याच्या आधी कागद पाहावा लागतो. एका गाडीच्या मागे मी सहा महिने घालवले. तिचे नोंदणीपुस्तक विक्रेत्याच्या दिवंगत आजोबांच्या नावावर होते आणि चार वारसांपैकी दोघांची संमती नव्हती. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले आणि रोजच्या वापराला मनाई केली. जाहिरातींत मात्र ‘व्हीए नंबर सहज मिळेल’ एवढ्याच आधारावर दोन-तीन लाख वाढवून मागितले जातात. जे काम अजून झालेले नाही त्याचे पैसे आधी देऊ नयेत.

प्रतिसाद २ (न्यू जर्सी)

जॅकचा प्रसंग पटला, पण त्यातून माझीच बाजू सिद्ध होते. ती फट पाहायची हे तुम्हाला ठाऊक होते. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि तो मालकाशी चहा पिऊन, दोन फेऱ्या मारून, आनंदाने पैसे मोजून येतो. त्याला मी ‘स्वतः जाऊन पाहा’ असे सांगणार नाही, ‘त्या मॉडेलचा जाणकार पाठवा’ असे सांगेन.

प्रतिसाद १ (लंडन)

जाणकार जाईपर्यंत गाडी थांबवून ठेवायला इसार मागितला जातो, आणि मेहुण्यांचे पैसे नेमके तिथेच गेले. विक्रेता व्यावसायिक असेल तर इसार क्रेडिट कार्डानेच द्यावा. गाडीची किंमत शंभर पौंडांपेक्षा जास्त आणि तीस हजारांपर्यंत असेल, तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 नुसार, इसार तेवढा कार्डाने दिलेला असला तरी पूर्ण व्यवहाराची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवरही येते. मेहुण्यांनी कार्डाने देऊ का असे विचारले होते. ‘आमचे यंत्र बिघडले आहे’ असे उत्तर आले.