गाओकाओत इंग्रजीला चिनी भाषेइतके गुण कशाला?

पश्चिमसरोवर:
सात वर्षं मी हांगझौमध्ये राहते. शेजारची मुलगी यंदा गाओकाओला बसली, म्हणजे चीनच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला. एकूण गुण ७५०. त्यात चिनी १५०, गणित १५० आणि परकी भाषाही १५०. बहुतेकांची परकी भाषा इंग्रजीच असते.

वर्षभर तिचा अभ्यास जवळून बघितला. रोज रात्री एक पान इंग्रजी लिहायची. अक्षरं छापल्यासारखी, गोल, सुटी सुटी. तपासणाऱ्याला वाचायला सोपं जावं म्हणून ही पद्धत घोटून घेतात. हेबेई प्रांतातल्या हंगश्वेच्या शाळेमुळे ती देशभर गेली. पत्रं लिहायची 'ली ह्वा' या नावाने. हा ली ह्वा वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिकेत येतो, परदेशी मित्राला बोलावतो, माफी मागतो, सल्ला देतो. तिची अशी पत्रं मी वाचली आहेत, एकही चूक नव्हती. माझा भाऊ पुण्याहून आला तेव्हा त्याने तिला इंग्रजीत इतकंच विचारलं, जेवलीस का? पोरगी लाल झाली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

चिनी लोकच याला 'मुकी इंग्रजी' म्हणतात. मुक्या इंग्रजीला १५० गुण? १०० करा. बीजिंग शहराने २०१३ मध्ये तसा प्रस्ताव मांडलाही होता.

गणितमास्तर:
तो प्रस्ताव पूर्ण सांगा ना. इंग्रजीचे ५० कमी करून चिनी भाषेचे १५० चे १८० करायचे होते. म्हणजे पोरीची रात्र काही मोकळी झाली नसती, वही तेवढी बदलली असती.

डोंगरवाट:
ताई, साफ असहमत. मी ग्वेइचौ या डोंगराळ प्रांतातल्या एका तालुक्याच्या गावी दोन वर्षं शिकवलंय. तिथली शाळा इंग्रजीचा तास बुडू देत नाही, कारण गाओकाओत १५० गुण आहेत. दुसरं कारण नाही. माझ्या वर्गातल्या पोरांचे आईवडील कारखान्यात, दूर ग्वांगडोंगला, घरी आजी. त्या पोरांना इंग्रजी भेटते ती फळ्यावरच.

गुण कमी केलेत की पहिली झळ याच फळ्याला लागेल. शांघायचं पोर शिकायचं थांबणार नाही. २०२१ च्या जुलैत सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्या आवळल्या, तेव्हा ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी शिक्षक घरी बोलावले. गाओकाओ निदान पेपर तरी सगळ्यांपुढे ठेवते.

चहाची_टपरी:
पण इंग्रजीची सक्ती कुठे आहे? जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश चालतं. इंग्रजीत अडकलेली कितीतरी मुलं जपानी घेतात. जपानीत चिनी अक्षरंही वापरतात, त्यामुळे बरीच अक्षरओळख आधीच झालेली असते.

गणितमास्तर:
घेतात, आणि पुढे काही अभ्यासक्रम फक्त इंग्रजीवाल्यांनाच प्रवेश देतात, तिथे अडतात. सतरा वर्षांच्या मुलाला हे आधी कोणी नीट सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पश्चिमसरोवर:
डोंगरवाट, फळ्याचा मुद्दा मनाला लागला. १०० चा हट्ट सोडते. पण मग बीजिंगसारखं तरी करा: २०२१ पासून तिथे १५० पैकी ५० गुण ऐकण्या-बोलण्याचे आहेत, संगणकासमोर, आणि दोनदा संधी. आमच्या झेजियांग प्रांतातही इंग्रजी दोनदा देता येते, शेजारच्या मुलीला त्याचा मोठा आधार वाटला.

चहाची_टपरी:
त्याच झेजियांगमध्ये नोव्हेंबर २०१८ च्या इंग्रजीच्या पेपरात काही प्रश्नांचे गुण मागाहून वाढवले होते. दोन पेपर सारखेच कठीण ठरावेत म्हणून. पालक खवळले, शेवटी मूळ गुण परत द्यावे लागले. दोन संधी म्हणजे दोन मापं, हेही लक्षात घ्या.

डोंगरवाट:
बोलण्याला गुण असावेत, हे मलाही पटतं. अडतं कुठे ते सांगतो. माझ्या वर्गात ५५ मुलं, तास ४० मिनिटांचा. प्रत्येकाला बोलायला उभं केलं तर एकेकाच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही. वर्गाची पटसंख्या ३० वर आणा आणि दुसरा शिक्षक द्या, मग माझी पोरंही बीजिंगच्या मुलांसारखी संगणकापुढे बसतील. त्याआधी ते ५० गुण लावलेत, तर ते सरळ त्यांच्या खात्यातून वजा होतील.